‘हिशेब घ्या आणि सही करा’ म्हणाले तर काय करावे

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात बरीच वर्षे क्लार्क होतो. माणसे कमी करायची ठरली की त्यांचे हिशेबाचे आणि राजीनाम्याचे कागद टाइप करायला माझ्याकडेच यायचे. एक गोष्ट तिथेच कळली: हे कागद शक्यतो गणपतीच्या तोंडावर काढायचे. घराला रंग द्यायचा असतो, मूर्तीचे पैसे द्यायचे असतात, मुंबईचे भाऊबंद येणार असतात. अशा वेळी समोर चेक दिसला की सही पटकन होते.

केबिनमध्ये चहा आलेला असतो. पेनाचे टोपण काढून ठेवलेले असते. कागदाच्या तळाशी एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. साहेब एरवी कधी बोलत नाहीत इतके गोड बोलतात. ‘आजची ऑफर आज. उद्या मॅनेजमेंटचं मन बदललं तर मी काही करू शकणार नाही.’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येकाला ऐकवले जायचे, आणि दुसऱ्या दिवशी ऑफर मागे घेतल्याचे मी एकदाही पाहिले नाही.

पहिली पायरी: त्या दिवशी सही नाही

भांडू नका, आवाज चढवू नका. ‘साहेब, प्रत द्या, घरी वाचतो आणि सोमवारी सांगतो,’ एवढेच म्हणा. प्रत मिळाल्याची सही मागितली तर ‘फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून, तारीख घालून सही करा. प्रत द्यायलाच तयार नसतील तर घरी येऊन त्याच संध्याकाळी कंपनीच्या ईमेलवर चार ओळी पाठवा: किती वाजता बोलावले, कोण हजर होते, कशावर सही मागितली, तुम्ही वाचायला वेळ मागितला. दबावाखाली घेतलेली सही कायद्याने टिकत नाही हे खरे, पण दबाव होता हे वर्षभराने सिद्ध करताना नाकी नऊ येतात. ती चार ओळींची ईमेल तेव्हा कामाला येते.

गेटवर अडवले तर ‘मी कामावर हजर राहायला आलो होतो, आत सोडले नाही’ असे त्याच दिवशी लेखी कळवा. नाहीतर पुढे ‘तो स्वतःच यायचा बंद झाला’ अशी नोंद होते. अशा नोंदीही मी टाइप केल्या आहेत.

दुसरी पायरी: कागद कसला आहे ते ओळखा

इथेच बहुतेक जण फसतात. वर ‘सेटलमेंट’ लिहिलेले असते आणि आत दुसऱ्या परिच्छेदात ‘मी स्वखुशीने व वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ हे वाक्य. त्यावर सही झाली की कंपनीने तुम्हाला काढले नाही, तुम्ही गेलात. मग कपातीची भरपाई मागायला जागा उरत नाही.

कंपनीने काम नाही म्हणून कमी केले तर ती कामगार कपात, म्हणजे रिट्रेंचमेंट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली, पण कपातीचे मूळ गणित तेच राहिले. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला (बारा महिन्यांत २४० दिवस भरले तरी ते वर्ष धरतात) एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी लागते आणि नोटीस तीन महिन्यांची. शिवाय नव्या संहितेत १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून (नवे काम शिकता यावे म्हणून ठेवलेल्या पैशातून) कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. राजीनामा दिलेल्याला ती नाही.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर गोष्ट वेगळी. आरोपपत्र, उत्तर द्यायला वेळ, चौकशी आणि चौकशीत बाजू मांडायची संधी, हे सगळे व्हायला हवे. चौकशीपुरते निलंबित केले तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, पुढे ७५ टक्के. ‘चौकशी नको असेल तर राजीनामा दे, बदनामी टळेल,’ असे सुचवतात. आरोप खोटा असेल तर चौकशीला सामोरे जावे, असे माझे मत.

आता ‘तुम्ही ऑफिसर आहात, कामगार नाही’ या मुद्द्याविषयी. कार्डावर एक्झिक्युटिव्ह छापले म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. प्रत्यक्षात काय काम करता ते कोर्ट पाहते. हाताने, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. देखरेखीचे काम असेल तर महिना १८,००० रुपयांवर पगार असला तरच तो कामगारांतून बाहेर जातो.

तिसरी पायरी: आपला हिशेब आपण मांडा

मुख्य काम हेच. एक आकडेमोड करून दाखवतो.

समजा प्लांट ऑपरेटर आहे, नोकरी ११ वर्षे ८ महिने, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. आठ महिन्यांचा तुकडा धरून वर्षे झाली १२. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे दिवसाचे ६००. पंधरा दिवसांचे ९,०००. बारा वर्षांचे १,०८,०००. कपातीच्या भरपाईला पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना धरू: ७,८०० गुणिले १२, झाले ९३,६००. नोटिशीचे १५,६००. शिल्लक पगारी रजा २४ दिवस, त्याचे १४,४००. बेरीज २,३१,६००. चालू महिन्याचा पगार आणि बोनस यात अजून आलेलाच नाही.

आणि साहेब सांगत असतात, ‘सव्वादोन लाख देतोय, कंपनीचा मोठेपणा समजा.’

म्हणजे मोठेपणा ६,६०० रुपयांनी कमी भरला. पाच वर्षे झालेल्याची ग्रॅच्युइटी ही तुमची जमा आहे, ती सेटलमेंटच्या रकमेत मिसळून दाखवायची नसते. पीएफचे तर बोलूच नका, तो तुमच्या खात्यातच आहे. तरी एका ऑफरमध्ये पीएफचा आकडा धरून एकूण फुगवलेला मी पाहिला आहे. म्हणून प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा: ग्रॅच्युइटी, नोटीस, भरपाई, रजा, बोनस, आणि शेवटी ‘जादा रक्कम’. त्या शेवटच्या ओळीत जे उरेल तेवढीच खरी ऑफर. ती शून्य असेल तर तुम्ही राजीनामा कशाच्या बदल्यात देता आहात?

पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचे पत्र, बँक पासबुक, पीएफचे पासबुक, हजेरीचे फोटो, सगळे एका फाइलीत आणि एक प्रत फोनमध्ये न ठेवता दुसऱ्याच्या घरी. कंपनीचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो हे लक्षात ठेवा.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपास मासळी प्रक्रियेत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बायकांकडे यातला एकही कागद नसतो, ‘ब्रेक दिला’ म्हणतात आणि संपले. त्यांनी निदान हजेरीच्या तारखा वहीत लिहाव्यात आणि सोबतच्या दोघीतिघींची नावे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते.

चौथी पायरी: बोलणी

हिशेबाचा कागद टेबलावर ठेवून बोला. तोंडी मान्य झालेले ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. हप्त्यांनी पैसे देऊ म्हणाले तर पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ‘संपूर्ण रक्कम मिळाली, कोणताही दावा नाही’ या ओळीवर सही. अनुभवाचा दाखला, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या इन्कम टॅक्सचा दाखला), पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख, हेही त्याच कागदात लिहून घ्या. जमले तर सेटलमेंट कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर करा. तिथे केलेल्या कराराचे वजन वेगळे असते आणि कंपनीही जपून लिहिते.

नव्या वेतन संहितेप्रमाणे काढल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे ३० दिवसांत मिळायला हवी. उशिराला व्याज लागते. चेक घ्यावाच लागला, पण रक्कम मान्य नसली, तर पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारले’ लिहा.

पाचवी पायरी: जमले नाही तर

जिल्ह्यातल्या कामगार खात्याच्या कार्यालयात समेटासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोस्टाने पाठवायचा तर स्पीड पोस्टाने, पावती जपून. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवे. पण दोन वर्षांवर विसंबू नका. महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करायची तर मुदत ९० दिवसांचीच आहे. गणपती, मग दसरा, मग दिवाळी म्हणत ते दिवस संपतात.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, स्त्रियांनाही. जिल्हा न्यायालयातच कार्यालय असते, किंवा १५१०० वर फोन करा. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना आता मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे तिथे बसणारे पीठ, सुरू झाले आहे. घाट चढावा लागतो, पण चिपळूणहून पहाटेची एसटी धरली तर रात्री परत घरी येता येते.