वीजबिल वाढलंय? अंदाजानं दोषी ठरवू नका, या चुका टाळा

आमचं नाशिकच्या सिडकोतलं घर वन बीएचके. एरवी महिन्याला ११५-१२० युनिटच्या पुढे कधी जात नाही. गेल्या थंडीत ते एकदम १८८ वर गेलं. आई म्हणाली, मीटर पळतंय. भावानं उरलेसुरले जुने बल्ब काढून एलईडी लावले, आणि मी मेन रोडला जाऊन नव्या फ्रिजच्या किमती विचारून आले. पुढचं बिलही तेवढंच. महिनाभर आम्ही एकमेकांवर आणि वस्तूंवर संशय घेत राहिलो, पण खाली मीटररूममध्ये जाऊन आकडा बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक.

बिलाचा कागदही आपण नीट वाचत नाही. नजर थेट रुपयांवर जाते. आधी युनिट बघा, मग चालू आणि मागील रीडिंग, आणि त्या दोन तारखांमध्ये दिवस किती ते. ३५ दिवसांचं बिल ३० दिवसांच्या बिलाशी ताडून काहीच कळत नाही. रीडिंग मिळालं नसेल तर सरासरीनं बिल येतं आणि पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक एकदम अंगावर येतो. अशा वेळी स्लॅबचा, म्हणजे युनिटच्या टप्प्यानुसार बदलणाऱ्या दराचा, फायदा दोन्ही महिन्यांना विभागून मिळालाय का, हे तपासा. थकबाकी जोडली गेली आहे का तेही बघा. सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं की ते वापराचंच समजून घाबरणारेही खूप असतात. त्याचा या महिन्यात जळलेल्या विजेशी संबंध नसतो. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. नाशिकचा जानेवारी आणि नाशिकचा ऑगस्ट ही दोन वेगळी घरं आहेत.

युनिट खरंच वाढलेत असं दिसलं, तर हे समजून घ्या की शंभराच्या वर वाढलेलं प्रत्येक युनिट वरच्या स्लॅबमध्ये पडतं. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त आहेत. १०१ ते ३०० मधल्या युनिटचा वीज आकार साधारण दुप्पट आहे. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क. आमची वाढलेली सत्तर युनिटं सगळीच्या सगळी महागड्या दरानं लागली होती. छोट्या फ्लॅटला हे जास्त टोचतं, कारण आपण शंभरच्या उंबरठ्यावरच राहतो. आणि घर महिनाभर बंद ठेवलं तरी स्थिर आकार येतोच, त्यात चूक शोधू नका.

आता मीटर. त्याच्या पडद्यावर आकडे आळीपाळीनं येतात: तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा हवा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर त्याचा मोबाइलवर फोटो काढा. चार दिवस पुरे. रात्रीचा वापर वेगळा काढायचं कारण असं, की रात्री घरात माणूस काही करत नसतो. जे जळतं ते आपोआप जळतं.

आमच्याकडे रात्री साडेदहा ते पहाटे पाच या वेळात १.७ युनिट गेली. पंखा नाही, दिवा नाही, चालू फक्त फ्रिज. त्याचा वाटा फार तर चार-पाच दशांश. उरलेलं कुठे गेलं? आईला पहाटे पाचला अंघोळ लागते आणि थंडीत तिचे गुडघे आखडतात, म्हणून गिझर संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत चालूच राहायचा. तरी गरम झालं की तो बंद होतो, मग इतकं कसं? बाथरूमच्या मिक्सरमधून गरम बाजूचं पाणी बारीक ठिबकत होतं. मी खाली बादली ठेवली. सकाळी ती वीस लिटरची बादली जवळजवळ भरलेली होती. तेवढंच थंड पाणी टाकीत येत होतं आणि गिझर ते रात्रभर तापवत होता. वीस लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण ०.८ युनिट लागतं. त्यात टाकीतून झिरपून जाणारी उष्णता वेगळी. नळाचं स्पिंडल बदललं, गिझर पहाटे साडेचारला आईनंच चालू करायचा असं ठरलं, आणि पुढचं बिल १२१ युनिटचं आलं.

थंडीत बिल वाढलं की मी आता पहिल्यांदा गरम पाण्याचा नळच बघते. तुम्हीही बघा.

यापुढची चाचणी मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याची. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काही छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली सगळी उपकरणं बंद करा, मेन मात्र चालू ठेवा. दोन लुकलुकांमधली सेकंदं मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये मिळतं. २५ सेकंद लागली तर ४५ वॅट कुठेतरी चालू आहेत. आकडा किरकोळ वाटतो, पण एक वॅट महिनाभर अखंड चालला तर ०.७२ युनिट होतं, म्हणजे ४५ वॅटचे ३२ युनिट. (मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्यानं भागा.) हे गुपचूप खाणारे बहुधा ठरलेले असतात. सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी दहा-बारा वॅट घेत राहतो, राउटर सात-आठ. जुन्या बॅटरीचा इन्व्हर्टर सगळ्यात वाईट, कारण बॅटरी चार्ज धरेनाशी झाली की तो दिवसरात्र चार्जच करत बसतो. मोबाइलचा रिकामा चार्जर मात्र महिन्याला पाव युनिटसुद्धा खात नाही. त्यावरून घरात वाद नकोत.

मग मेन स्विचही पाडा. आता दिवा थांबला पाहिजे. लुकलुकत राहिला तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मधे कुणीतरी वीज घेतंय, जिन्याचा दिवा असेल किंवा दुसरं कुणी. आणि मेन पाडल्यावर तुमचं मीटर चालूच राहून शेजारचं थांबलं, तर मीटरची अदलाबदल झालेली आहे. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीच्या इमारतीत वायरिंगच्या वेळीच दोन फ्लॅटच्या वायरी उलटसुलट लागल्या होत्या. एकटी राहणारी मावशी कित्येक महिने शेजारच्या पाच माणसांच्या एसीचं बिल भरत होती आणि स्वतःला उधळी समजून पंखा बंद करून झोपत होती. मला ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

बऱ्याच मीटरवर अर्थचा एक वेगळा दिवा असतो. तो पेटलेला दिसला तर दुर्लक्ष करू नका. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) जितका करंट जातो तितका न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत येत नाही, असा त्याचा अर्थ. घराचं काम काढल्यावर किंवा इन्व्हर्टर बसवल्यावर दोन घरांची न्यूट्रल एकत्र जोडली गेली तरी तो पेटतो, आणि आजची मीटरं दोहोंपैकी जास्त असलेला करंट धरून मोजतात. म्हणजे शेजारचा भार तुमच्या खात्यात जाऊ शकतो. गिझरच्या कॉइलमधून करंट गळायला लागला तरी हेच दिसतं. तेव्हा प्रश्न बिलाचा नसून जिवाचा असतो. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गिझर तिथेच बंद करा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. मीटरच्या सीलला स्वतः हात लावू नका.

फ्रिज बदलण्याआधी दाराच्या रबरात कागदाचा तुकडा अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला. मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. पंख्याचा जुना, मोठ्या डब्याचा रेग्युलेटर वेग कमी करतो पण उरलेली वीज उष्णतेत घालवतो, तो बदलायला फार खर्च नाही. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसच्या आसपास, त्यामुळे दिवसरात्र फिरणारा एक पंखा बदलला तरी फरक दिसतो. प्लगमध्ये खोचायचे ‘पॉवर सेव्हर’ मात्र घेऊ नका. त्यात बहुधा एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती बिल युनिटवर येतं, त्यावर त्याचा काही उपयोग नाही.

एवढं सगळं करूनही आकडे जुळले नाहीत, तर मीटरवर संशय घ्यायची वेळ आली. १९१२ वर किंवा महावितरणच्या ॲपवर तक्रार नोंदवा, मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि त्याला तुमच्या रोजच्या रीडिंगचे तारखेसकट फोटो जोडा. कार्यालयात तोंडी सांगून परत येऊ नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे ती पोचच पहिल्यांदा मागतात.