स्प्रिंग बूट ३ वर जाताना जावाएक्सची मेख

चतुर्थीच्या सुट्टीत फोंड्याला घरी बसून मी एका काजू व्यापाऱ्याचं बिलिंग स्प्रिंग बूट ३ वर नेलं (स्प्रिंग बूट म्हणजे जावात ॲप बांधायची चौकट). थेट उडी मारू नका. आधी स्प्रिंग बूट २.७ वर या, सगळ्या टेस्ट पास करा, मग जावा १७ घाला.

खरी मेख जावाएक्सची, म्हणजे javax ने सुरू होणाऱ्या जुन्या पॅकेज-नावांची. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशनचे इम्पोर्ट javax चे jakarta (जकार्ता) करायचे. पण जावाएक्स डॉट एसक्यूएल जेडीकेचंच (खुद्द जावाच्या किटचं), त्याला हात लावायचा नाही. मी सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) बसून दोन तास एरर मोजले! कोड आपोआप बदलणारं ओपनरीराइट हे टूल हा फरक ओळखतं, तेच वापरा.

स्प्रिंग बूटचं प्रॉपर्टीज मायग्रेटर हे मॉड्यूल डिपेंडन्सीत टाका. ॲप सुरू होताना बदललेल्या प्रॉपर्टींची (सेटिंगची) नावं लॉगमध्ये दिसतात. काम झालं की ते काढून टाका.