ब्रुअरीच्या आवारात फूड ट्रक लावताय? या चुका टाळा

माझा ट्रक म्हणजे जुना छोटा हत्ती. मागं पत्र्याचं किचन बांधलं, आरटीओकडून बदल पास करून घेतला आणि दोन वर्षं तो नाशिकबाहेरच्या एका क्राफ्ट ब्रुअरीच्या, म्हणजे छोट्या प्रमाणात बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उभा केला. वायनरीत जाऊन चाखत बसायची सवय नाशिककरांना आधीपासूनच होती, त्यामुळं गिऱ्हाईक येईल का ही चिंता नव्हती. गिऱ्हाईक आलंही. बाकी बरंच चुकलं.

सगळ्यात पहिली चूक डोक्यातली. ब्रुअरी आणि फूड ट्रक ही जोडी अमेरिकेत जमली, कारण तिकडच्या बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्यांच्या टॅपरूमला, म्हणजे बसून बिअर प्यायच्या खोलीला, स्वतःचं किचन नसतं. बिअर आतली, खाणं दारातल्या ट्रकचं. आपल्याकडं बिअर मिळते तिथं बहुधा किचनही असतं, निदान चखणा तरी असतोच. म्हणजे तुम्ही मोकळ्या जागेत दुकान टाकत नाही, दुसऱ्याच्या स्वयंपाकघराशेजारी चूल मांडता. त्यामुळं भाडं किती, हे विचारायच्या आधी ‘तुमच्याकडं काय बनत नाही?’ हे विचारा. आम्ही विचारलं नाही. पहिल्या शनिवारी आमच्याकडं चिली पनीर, त्यांच्याकडंही चिली पनीर. त्यांचा शेफ पुढं पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

ग्लास फाटकाबाहेर

दारूचा परवाना मंजूर जागेपुरता असतो. तुमचा ट्रक त्या हद्दीबाहेर असेल आणि एखादा ग्लास हातात घेऊन ट्रकपाशी गप्पा मारत उभा राहिला, तर अडचणीत येते ब्रुअरी. लोकांना हे सांगून पटत नाही, ‘दादा, दोन पावलं तर आलोय’ म्हणतात. उपाय एकच: ग्लास बाहेर येऊ द्यायचा नाही, प्लेट आत पाठवायची. टोकन द्या आणि टेबलापर्यंत पोचवायला एक पोरगा ठेवा.

बिलंही वेगळीच हवीत. खाण्यावर जीएसटी लागतो, बिअर जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर व्हॅट. ‘एकच बिल करू, नंतर बसून वाटून घेऊ’ असं मालक कितीही प्रेमानं म्हणाला तरी नाही म्हणा. आणि १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ट्रकमध्ये नकोच, १९ किलोचा व्यावसायिकच घ्या.

त्यांची लाइन, आमचा फ्रायर

ही चूक मला अजून रात्री आठवते. जनरेटरचा आवाज आणि धूर नको म्हणून मालकानं आतून लाइन दिली. मी खूश. सोळा अँपिअरचं सर्किट, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ३,६८० वॉट. आमचा फ्रायर ३,००० वॉटचा, तवा २,००० चा. हे गणित चौथीतल्या पोराला येतं, पण मी ते केलं नव्हतं. गर्दी वाढली, दोन्ही एकदम लावले आणि एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडली. ट्रकमध्ये अंधार झाला, लोक हसले, आम्हीही हसलो.

दोन मिनिटांत आतून ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा, धावत आला. ‘अहो, माझा चिलर बंद पडलाय!’ टाक्या थंड ठेवणारा त्यांचा चिलरही त्याच लाइनवर होता. बिअर आंबवणारं यीस्ट काम करत असताना टाकी स्वतःच गरम होत जाते. ती थंड ठेवली नाही तर यीस्ट बिथरतं आणि बिअरला नको तो वास येतो. आमच्या एका भज्याच्या घाण्यापायी शेकडो लिटर माल पणाला लागला होता. त्या रात्री वाचला. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक यंत्राच्या मागची पट्टी वाचून वॉट वहीत लिहिले, फ्रायर गॅसवर नेला, आणि इलेक्ट्रिशियन बोलावून ट्रकसाठी वेगळी लाइन व वेगळा मीटर घेतला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. वेगळ्या मीटरचा आणखी एक फायदा: महिन्याच्या शेवटी ‘तुमच्यामुळं बिल वाढलं’ हा वाद होत नाही.

तर्री आणि कडू बिअर

नाशिकचा माणूस, त्यामुळं मेन्यूत मिसळ असणारच. काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री. सोबत लोकांनी घेतली आयपीए, म्हणजे हॉप्सनं (एका वेलीच्या फुलांनी) कडू केलेली बिअर. चौथ्या घासाला एक गृहस्थ लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि आग विझवायला पुन्हा बिअरचा घोट. तिथंच घोळ होतो. तिखटाचा जाळ पाण्यात विरघळत नाही आणि बिअर म्हणजे बहुतांश पाणीच. वर अल्कोहोल आणि बुडबुडे तो जाळ वाढवतात. कडूपणाही मग जिभेला जास्तच बोचतो.

मिसळ काढून टाकू नका, मला तरी ते जमलं नसतं. तर्री वेगळ्या वाटीत द्या आणि दह्याची वाटी न विचारता ठेवा, कारण तिखट खरं उतरतं ते दह्या-दुधानं. जिलेबी ठेवलीत तर आणखी छान. मिसळीसोबत गव्हाची किंवा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा असलेली बिअर सुचवा, कडूसोबत खारट-तळलेलं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात. तिच्याबरोबर कोथिंबीर वडी अशी जमते की आमच्याकडं शनिवारी आठाच्या आत वड्या संपायच्या.

पंचांग न बघता माल भरणं

गटारीला चिकन कमी पडलं म्हणून पुढच्या आठवड्यात दुप्पट आणलं, आणि श्रावण लागलेला! निम्मं चिकन घरी, शेजारी, मित्रांकडं गेलं. श्रावणात आणि नवरात्रात मांसाहाराची मागणी खाली येते, तेव्हा पनीर, मका, वड्या पुढं करा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी आणि मतदान संपेपर्यंतचे ४८ तास ड्राय डे असतात. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहा आणि त्या दिवशीचं भाडं द्यायचं की नाही ते करारातच ठरवा. आम्ही एका ड्राय डेचं भाडं भरलं, बंद फाटकासमोर बसून.

शेवटची ऑर्डरही आतल्याशी जुळवा. आत ‘लास्ट कॉल’ झाला की सगळ्यांना एकदम भूक लागते. त्या अर्ध्या तासात पाच मिनिटांत निघतील असे दोनच पदार्थ चालू ठेवा.

उरलेल्या माल्टचं थालीपीठ

ही माझी हौस. बिअर काढून उरलेला जवाचा चोथा ब्रुअरी सहसा गुराढोरांना देते. मी म्हटलं, भाजणीत घालू. पहिल्यांदा बादली दुपारभर झाकून ठेवली, संध्याकाळी आंबूस वासानं ट्रकमध्ये उभं राहवेना. ओला, कोमट चोथा फार लवकर आंबतो. टाकीतून निघाल्या निघाल्या पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि त्याच दिवशी वापरा. दुसऱ्यांदा अर्धी भाजणी, अर्धा चोथा घेतला, तर टरफलं दातांत अडकली. आता चोथा मिक्सरला फिरवून तीन वाट्या भाजणीला एक वाटी घेतो, कांदा जरा जास्त घालतो. त्या रुसलेल्या शेफनं परवा दोन मागून खाल्ली, लोण्याबरोबर.