मसाई मारात सफारीला जाताय? या चुका टाळा

ताडोबा-पेंचच्या चार-पाच वाऱ्या केलेला माणूस केनियातल्या मसाई मारात जातो तेव्हा जिप्सीतली सवयही बरोबर नेतो. समोरून गाडी आली की विचारायचं, "काही दिसलं का?" आणि तिकडे धावायचं. माझीही तीच सवय होती. आपल्याकडे झाडी दाट आणि सफारीचे तास मोजके, म्हणून ती घाई समजू शकते. मारा म्हणजे सुमारे 1500 चौरस किलोमीटरचा उघडा गवताळ माळ आणि हाताशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा अख्खा दिवस. तिथे पळणाऱ्याला कमी दिसतं.

"अजून जवळ घ्या"

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तिची किंमत चित्ता मोजतो. सिंह, तरस हे बरेचसे रात्रीचे. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या गाड्या फिरत असतात तेव्हा. गाड्यांचा वेढा पडला की सावज सावध होतं, पिल्लं आईपासून फुटतात, मारलेली शिकार सोडून द्यावी लागते. मारातच झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची सरासरी 0.2 पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली, तर वर्दळ कमी असलेल्या भागात 2.3. हे आकडे वाचल्यापासून मी ड्रायव्हरला कधीही "थोडं पुढे" म्हणालो नाही.

नियम स्पष्ट आहेत: एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी धरायची आणि अभयारण्यात रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही. ते मोडतात, कारण पाहुणे आग्रह धरतात आणि टिप पाहुण्यांच्या हातात असते. म्हणून पहिल्याच सकाळी ड्रायव्हरदादांना सांगून टाका: लांबून दिसलं तरी चालेल, नियम मोडू नका, टिप कमी होणार नाही. त्यांच्या डोक्यावरचा ताण उतरलेला लगेच जाणवतो. लांबचं पाहायला प्रत्येकाकडे स्वतःची दुर्बीण हवी. चौघांत एक दुर्बीण फिरवत बसलात तर चौथ्याच्या हाती येईपर्यंत प्राणी गवतात शिरलेला असतो.

नदी ओलांडण्याचा हट्ट

विल्डबीस्ट या हरणासारख्या मोठ्या कुरंगांचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. एरवी ते दक्षिणेला, टांझानियातल्या सेरेंगेटीत. फेब्रुवारीच्या सुमारास त्यांची वीण होते तीही तिकडेच, दक्षिण सेरेंगेटीत. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मारात जाऊन कळप मारा नदी ओलांडताना दिसतील ही अपेक्षा चुकीची. ऑगस्टमध्येही खात्री नाही. हजारो जनावरं काठावर तास-दोन तास उभी राहतात आणि एखादं दचकलं की सगळीच माघारी वळतात. दोन रात्रींच्या सहलीत हे दृश्य "करून टाकू" म्हणणारे बहुतेक हिरमुसून परततात. किमान तीन-चार रात्री ठेवा. आणि गाडी त्यांच्या उतरण्याच्या वाटेवर, अगदी काठाशी लावू देऊ नका. अडलेला कळप कडेच्या उभ्या दरडीवरून उड्या घेतो आणि जनावरांचे पाय मोडतात.

निघण्यापूर्वी

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य होतो आणि तो नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना त्याच फेरीत विचारा.

परदेशी प्रौढासाठी प्रवेशशुल्क जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर असं 2024 मध्ये ठरलं. तिकीट बारा तासांचं असतं. पॅकेजमध्ये किती दिवसांचं शुल्क धरलंय ते लेखी घ्या. गेटवर हुज्जत घालण्यात सकाळ जाते.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं जाणार असाल तर सामान बहुधा 15 किलोच आणि मऊ बॅगेत लागतं. चपला आणि चिवडा कॅरीबॅगेत बांधू नका. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, कापडी घ्या. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून स्वेटर घरी ठेवणारे तर पुष्कळ. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, जुलैच्या पहाटे उघड्या टपातून वारा बोचतो. गडद निळे आणि काळे कपडे मात्र नकोत, त्सेत्से ही चावरी माशी त्या रंगांकडे ओढली जाते.

गाडी रुतली तर

माराची जमीन ओळखीची वाटेल: पुष्कळ ठिकाणी आपल्या विदर्भासारखीच काळी, चिकट. एका सरीत चाकं रुततात. अशा वेळी ढकलायला म्हणून खाली उडी मारू नका. ड्रायव्हर आधी भोवतालचं गवत पाहील, वायरलेसवर दुसरी गाडी बोलावेल. तो सांगेपर्यंत आतच बसा.

काहीच दिसत नसेल तर

इंजिन बंद करायला सांगा. मग सिंह शोधू नका, इतर प्राणी कुठे पाहतायत ते पाहा. टोपी नावाचे कुरंग वारुळावर चढून टेहळणी करतात. तीन-चार टोपी एकाच दिशेला माना रोखून, चरणं थांबवून उभे असतील तर त्या रेषेत दुर्बीण लावा. आम्ही एका सकाळी असे चाळीस मिनिटं बसलो होतो. गवत हलत नव्हतं, टोपी मान वळवत नव्हते. मग पिवळ्या गवतातून आधी दोन कान वर आले.