मराठवाड्याच्या उन्हाळ्यात छोटे गोबी मासे कसे सांभाळायचे

समुद्र कुठं आन् परभणी कुठं, तरी खाऱ्या पाण्याचा टँक लावलेले बरेच जण विचारतात की क्लाऊनफिश सोडून काही वेगळं, लहान ठेवता येईल का. येतं ना, गोबी ठेवा. त्यातले ट्रिमा आन् एव्हिओटा हे प्रकार तर २-३ सेंटीमीटरचेच, ४०-५० लिटरच्या टाकीत आरामात राहतात. फक्त एवढी छोटी टाकी लवकर तापते, म्हणून आपल्याकडं आधी पाण्याचं बघायचं, मग माशाचं.

बोअरचं पाणी डायरेक्ट वापरू नका, लै जड असतं. आरओ करून पुढं डीआय काडतूस (उरलेले क्षार काढणारं) लावा, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ० आला पाहिजे. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी बहुतेक वेळा तेवढं शुद्ध नसतं. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, गाडी धुवायला वापरा, टँकरवर दिवस काढणाऱ्या घरात ते गटारात सोडायला जीव होत नाही. मीठ रीफ सॉल्टच (समुद्री टाकीसाठी मिळणारं), लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, वेगळ्या बादलीत विरघळवायचं आन् खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ बघायचं. मासा टाकायच्या आधी टाकी सायकल होऊ द्या, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढू द्या, ४ ते ६ आठवडे लागतात, अमोनिया आन् नायट्राइट दोन्ही ० आले की मगच.

आता उन्हाळा. मे मध्ये पारा ४० च्या वर जातो आन् टाकी २५-२६ वर ठेवायची असते, पण चिलर (पाणी गार करायचं मशीन) घ्यायच्या आधी पाण्यावर तिरका वारा मारणारा छोटा फॅन लावून बघा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं पाणी पटापट उडतं आन् उडताना टाकी गार करतं, मुंबईच्या दमट हवेत फॅनचा एवढा उपयोग होत नाही. टाकी कूलरच्या किंवा एसीच्या खोलीत असेल तर अजून बरं, फक्त दुपारी लाईट बंद ठेवून संध्याकाळी लावायचे. पण पाणी उडतं, मीठ उडत नाही!! म्हणून काचेवर मार्करनं रेघ मारा आन् रोज सकाळी त्या रेघेपर्यंत बिनमिठाचं आरओ-डीआयचं पाणी टाका, खारं नाही. हे ४ दिवस चुकलं तरी छोट्या टाकीत खारटपणा बराच वर जातो. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आन् फॅन चालले पाहिजेत, शिवाय बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

मासा कोणता घ्यायचा? पहिल्यांदा ठेवणाऱ्यानं नियॉन गोबी घ्यावा, टाकीत पैदास केलेला मिळतो आन् खायला नखरे नाहीत. मला सगळ्यात आवडतो याशा गोबी, पिस्तूल झिंग्याबरोबर एकाच बिळात राहतो, झिंग्याला नीट दिसत नाही म्हणून तो बीळ खोदताना मिशी माशाला लावून ठेवतो आन् धोका दिसला की मासा शेपूट हलवून इशारा देतो, हे बघायला मिळावं म्हणून तरी खाली वाळू जरा जाड आन् दगड तळाच्या काचेवर पक्के टेकवलेले ठेवा, नाहीतर खोदकामात दगड कोसळतो. एव्हिओटा घेताना एवढं माहीत असू द्या की तो मुळातच कमी जगतो, त्यातल्या एका जातीचं समुद्रातलं आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवस नोंदवलंय. आन् लाल अंगावर निळे पट्टे असलेला कॅटालिना गोबी कितीही देखणा दिसला तरी घेऊ नका, तो कॅलिफोर्नियाकडच्या थंड पाण्यातला, २० च्या आसपास लागतं, आपल्याकडं त्याचे हाल होतात.

यांची तोंडं एवढीशी, मोठे दाणे जात नाहीत. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला बारीक झिंग्यासारखा जीव) ताजी पिल्लं किंवा फ्रोझन सायक्लॉप्स (तसलाच पाण्यातला बारीक जीव), दिवसातून २-३ वेळा थोडं थोडं. सोबत डॉटीबॅक, हॉकफिश असले खादाड मासे नकोत. वरून बारीक जाळी लावाच, गोबी उडी मारतात.

मासे मुंबई-पुण्याहून मागवणार असाल तर दिवाळीनंतर मागवा, रात्रीच्या गाडीनं. आले की पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग पिशवीतलं पाणी माशासकट डब्यात ओता आन् सलाईनच्या नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब तासभर सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही, मासा तेवढा छोट्या कपानं उचलून सोडायचा आन् त्या दिवशी लाईट लावायचे नाहीत.