ग्राहक कंपनीची ईएसजी प्रश्नावली आली? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखानदारांना हल्ली मोठ्या ग्राहक कंपन्यांकडून ईएसजीची, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांबद्दलची लांबलचक प्रश्नावली येते. सांडपाणी कुठे जातं, कंत्राटी कामगारांचा पीएफ भरता का, असे प्रश्न. यामागे सेबीने ठरवलेला बीआरएसआर, म्हणजे कंपनीने आपल्या जबाबदारीबद्दल आणि शाश्वततेबद्दल द्यायचा अहवाल आहे. २०२२-२३ पासून तो शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना बंधनकारक झाला आणि चौकशी पुरवठादारांच्या दारात आली.

डोळे झाकून सगळीकडे ‘हो’ लिहिणं

कागद अकाउंट्सकडे जातो आणि संध्याकाळपर्यंत भरून परत येतो. ‘नाही, पण अमुक तारखेपर्यंत करतो’ हे उत्तर ऑडिटरला खोट्या ‘हो’पेक्षा नक्कीच पटतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीचंच बघा. ‘आमच्याकडे दोनच बायका आहेत’ म्हणून ती टाळतात. पण एकूण कर्मचारी दहा किंवा जास्त असले की २०१३च्या कायद्यानुसार समिती लागतेच.

जॉबवर्कला गेलेलं काम आपलं नाही, असं समजणं

सर्वांत मोठी गफलत इथे होते. पार्ट क्रोम प्लेटिंगला जातो, चलनावर नग मोजून परत येतो. धुण्याचं पाणी आणि टाकीतला गाळ कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि याच भागातून नंदिनी नदी वाहत जाऊन गोदावरीला मिळते.

प्लेटिंगवाल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागा. नुसती मुदत बघू नका. त्यात प्लेटिंगची प्रक्रिया आणि क्षमता लिहिली आहे का, तेही वाचा. मग घातक कचऱ्याचं मॅनिफेस्ट, म्हणजे तो कचरा कुठे पाठवला याचा कागद, बघा. हा गाळ साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो. शेवटचं मॅनिफेस्ट आठ महिन्यांपूर्वीचं असेल तर मधला गाळ गेला कुठे? शेवटी सोडियम मेटाबायसल्फाइट आणि चुन्याची खरेदी बिलं बघा. क्रोमचं पाणी शुद्ध करायला साधारण हीच रसायनं वापरतात. ती नाहीत आणि दुसऱ्या पद्धतीचा पुरावाही नाही, तर ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, फक्त दाखवायला ठेवला आहे असं धरून चला.

‘ते ठेकेदार बघतो’

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कारखान्यावर येते. हजेरी, पगारपत्रक, बँकेची नोंद आणि पीएफचं चलन या चारही ठिकाणी तीच नावं आहेत का, ते दर महिन्याला ताडून बघा. ओव्हरटाइम रोखीने व्हाउचरवर जात असेल तर तो पगारपत्रकात आणा.

द्राक्ष निर्यातदारांनीही हे मनावर घ्यावं. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, तेव्हापासून रेसिड्यूच्या रिपोर्टबद्दल सगळे जागरूक आहेत. पण पेठ-सुरगाण्याहून छाटणी-थिनिंगला येणाऱ्या मजुरांचा हिशेब अजून मुकादमाच्या वहीतच असतो. उचल किती, कापली किती, हे प्रत्येकाच्या नावाने लिहून त्याला वाचून दाखवा. मजुरी थेट त्याच्या हातात किंवा खात्यात द्या.

अटी घालायच्या आणि बिलं अडकवायची

ही चूक ग्राहक कंपन्यांची. एका हाताने ईटीपी मागायचा, दुसऱ्या हाताने दर कापायचा, हे चालणार नाही. रसायनांचा खर्च त्या दरातूनच निघतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६चा कायदा सांगतो. वेंडरकडे ऑडिटला निघण्याआधी खरेदी विभागाकडून थकीत बिलांची यादी मागवा आणि मुदत उलटलेली बिलं आधी चुकती करा.