अ‍ॅनल सेक्सच्या आधी साफसफाई: किती करायची आणि कुठे थांबायचं

बहुतेक लोक साफसफाई कमी करत नाहीत, गरजेपेक्षा जास्त करतात आणि त्रास तिथूनच सुरू होतो. मीही सुरुवातीला तासभर बाथरूममध्ये बसून पाण्यावर पाणी सोडायचो, शेवटी इतकं झोंबायचं की पुढचं काही करायची इच्छाच उरायची नाही.

आधी आतली रचना समजून घ्या, निम्मं टेन्शन तिथेच जातं. गुदद्वारापासून आत साधारण ३-४ सेंमीची नळी असते, तिच्या पुढे १२-१५ सेंमीचं गुदाशय. शी इथे साठून राहत नाही, ती वरच्या मोठ्या आतड्यात थांबते आणि गुदाशयात उतरली की आपल्याला लागते. म्हणजे सकाळी पोट नीट साफ झालं असेल तर गुदाशय बऱ्यापैकी रिकामंच असतं, आणि संडासला जाऊन आल्यावर बाहेरून कोमट पाण्याने धुणं बऱ्याच जणांना पुरतं. साबण लावायचाच असेल तर सौम्य, आणि फक्त बाहेर.

खरी तयारी त्या दिवशीची नसतेच, आदल्या काही दिवसांची असते. रोजच्या खाण्यात फायबर आणि भरपूर पाणी असेल तर शी एकसंध होते आणि मागे काही राहत नाही. पण महिनाभर फायबर नाही आणि आदल्या रात्री एकदम डबल डोस, असं केलं तर नुसता गॅस होईल. जुलाबाच्या गोळ्या तर नकोच, नको त्या वेळी पळापळ होते आणि आतली त्वचा चिडते ती वेगळी.

तरी मनात धाकधूक असेल तर एनिमा बल्ब, म्हणजे गुदद्वारातून आत पाणी सोडायचा दाबायचा फुगा वापरा, रबराचा किंवा सिलिकॉनचा, पुढे गुळगुळीत नोझल असलेला. पाणी अंगाइतकंच कोमट, मनगटावर थेंब टाकून बघा, गरम लागलं तर नकोच. नोझलला ल्युब (घर्षण कमी करणारं वंगण) लावायचं, डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाकडे घ्यायचे किंवा टॉयलेटवर बसायचं, दोन-तीन सेंमीच आत घालायचं, अडलं तर जोर न करता थांबायचं आणि हळू दाबायचं. एका वेळी १००-१५० मिली पाणी पुष्कळ झालं, थोडा वेळ धरून सोडून द्या, असं दोन-तीनदा केलं की झालं. बाहेर येणारं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलंच पाहिजे असा हट्ट धरू नका, कारण जास्त पाणी भरलं की ते वरच्या आतड्यात चढतं, तिथलं सगळं हलवतं आणि मग ऐन वेळी खाली येतं 😅 म्हणूनच हे सगळं तास-दोन तास आधी उरकायचं, राहिलेलं पाणी निघायला वेळ मिळतो.

शॉवरचा पाइप किंवा जेट थेट आत लावायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. प्रेशर आपल्या हातात राहत नाही, पाणी अचानक गरम येऊन आत भाजू शकतं, आणि आतडं फाटल्याच्या केसेस खरंच होतात. पाण्यात साबण, अँटिसेप्टिक, लिंबू, व्हिनेगर असलं काहीही मिसळायचं नाही. मेडिकलमध्ये मिळणारा फॉस्फेटचा एनिमा बद्धकोष्ठतेसाठी असतो, तो आतलं अस्तर चिडवतो, नेहमी वापरायची गोष्ट नाही ती. साधं पाणीसुद्धा रोज रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा खूप झालं. आणि बल्ब ज्याचा त्याचा वेगळा, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या रक्तातूनही हिपॅटायटिस सी पसरू शकतो. मूळव्याध सुजलेली असेल, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असेल, रक्त पडत असेल तर एनिमा आणि सेक्स दोन्ही पुढे ढकला.

नखं कापून घासून घ्या, केस काढायचेच असतील तर ट्रिम करा, त्याच दिवशी ब्लेड फिरवलं की बारीक चिरा पडतात.

आता एक गैरसमज. धुतलं म्हणजे इन्फेक्शन होणार नाही, असं अजिबात नाही, उलट जास्त धुतल्याने अस्तर सोललं जातं आणि एचआयव्ही वगैरे आत शिरायला वाट सोपी होते. इन्फेक्शन टाळायला कंडोम लागतो, आणि ल्युब लागतंच लागतं कारण तिथे आपोआप ओलावा येत नाही. लेटेक्सचा कंडोम असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब घ्या, तेल आणि व्हॅसलीनने तो फाटतो. बधिर करणारं क्रीम लावू नका, दुखणं हाच तर थांबायचा सिग्नल असतो. गुदद्वारातून योनीत जायचं असेल तर कंडोम बदलायचाच. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही (सेक्समधून पसरणारा एक व्हायरस) यांच्या लसी, प्रेप म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, हे डॉक्टरांशी बोलून ठेवा, आणि कंडोम फाटून एचआयव्हीची धास्ती असेल तर पेपच्या, म्हणजे संपर्कानंतर एचआयव्ही टाळायला घ्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.

इतकं करूनही कधीतरी थोडं काहीतरी लागतंच. पार्टनरला आधीच सांगून ठेवा, खाली गडद रंगाचा टॉवेल टाका, लागलं तर पुसायचं आणि हसायचं. पण एनिमानंतर किंवा सेक्सनंतर पोटात जोरात दुखायला लागलं, ताप आला, पोट कडक झालं किंवा रक्त थांबेना, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि काय केलं होतं ते न लाजता सांगा, डॉक्टरांनी याहून बरंच काही बघितलेलं असतं.